तुम्ही म्हणाल तसं

जर्मन शाळेत मूल हुशार आहे की नाही, हे त्याच्या बोटावरून ठरतं. आपल्याकडे हात वर करतात, इथे एकच बोट, तर्जनी, ताठ वर. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत वर्गभर बोटं उगवलेली असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना उत्तर येत नसतं. तरी बोट वर करणारा हुशार. त्या बोटाच्या मार्कांना इथे म्युंडलिश म्हणतात, म्हणजे तोंडी मार्क, आणि आमच्या शाळेत ते लेखी परीक्षेच्या तोडीस तोड धरले जात. मी पुण्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. न विचारता बोलणाऱ्या पोराला आम्ही तिथे आगाऊ म्हणत असू. इथे आगाऊपणालाच मार्क असतात हे समजायला मला एक वर्ष लागलं. मान्य करायला अजून जमलेलं नाही.

नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी आम्ही कार्ल्सरूहेला आलो. मुलगी इथल्या शाळेत रुळली, आणि मग मलाही एका गिम्नाझिउममध्ये काम मिळालं. गिम्नाझिउम म्हणजे पुढे विद्यापीठात जाऊ शकतील असं ज्यांच्याबद्दल दहाव्या वर्षीच ठरवून टाकलेलं असतं, त्या मुलांची शाळा. बाकीच्यांसाठी रेआलशूल आणि आणखी कुठल्या कुठल्या शाळा. इंग्रजीच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी मी. जुलैपर्यंतचं काम, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझं स्थान दाराशेजारच्या खुर्चीइतकंच.

सातवीच्या वर्गात खिडकीकडेला मागच्या बाकावर एक चिनी मुलगी बसायची. दोन वर्षांपूर्वी आलेली. वडील इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कुठल्याशा प्रयोगशाळेत इंजिनिअर, आई घरी, धाकटं भावंड अजून रांगतं. गणितात ती पहिली. जर्मन आणि इतिहासात मात्र लेखी जेमतेम, आणि तोंडी सगळीकडे पाच. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे कारभार आटोपला, तेव्हा पाच म्हणजे काय ते समजून घ्या. तिचं बोट कधी वर जात नसे. विचारलं तर मात्र ती उभी राहून उत्तर द्यायची. त्या शाळेत उभं राहून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला ‘टीचर’ म्हणणारंही. बाकीची मुलं फ्राउ म्हणून आडनाव लावायची, तेही अर्धं गिळून. हिनं पहिल्यांदा ‘टीचर’ म्हटलं तेव्हा मला एकदम पुण्यातल्या माझ्या वर्गात गेल्यासारखं झालं.

तिची इंग्रजीची वही माझ्याआधीच्या बाईंनी लाल शाईनं न्हाऊ घातली होती. प्रत्येक ओळीखाली ‘वाक्यरचना!’ असं उद्गारचिन्हासकट. आईला ती इंग्रजीत कधी ‘ती’, तर कधी ‘तो’ लिहायची, कारण चिनीत बोलताना दोन्हीला एकच शब्द. एका निबंधात लिहिलं होतं, ‘आय यस्टरडे बाय बुक व्हेरी इंटरेस्टिंग.’ लाल शाईनं त्याच्या चिंधड्या केल्या होत्या. मी ते वाचलं आणि एकटीच हसले. शब्दाजागी मराठी शब्द ठेवले, तर वाक्यात काहीच चूक नव्हती. मी काल घेतलेलं पुस्तक फार छान. इंग्रजी आणि जर्मन आधी पुस्तक समोर ठेवतात आणि मग ते कुणी, कधी घेतलं हे मागून सांगत बसतात. तिची भाषा आणि माझी भाषा आधी सगळी हकिगत सांगून शेवटी पुस्तक हातात देतात. एवढ्या मोठ्या शाळेत तिची चूक आतून कळणारी मी एकटी होते, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

मग मी एक तास त्यासाठीच ठेवला. इंग्रजी आणि चिनी, फळ्यावर शेजारी शेजारी. जाड कागदाच्या पट्ट्यांवर शब्द लिहिले, मागे लोहचुंबक लावले. इंग्रजी पट्ट्या निळ्या, चिनी पिवळ्या. चिनी अक्षरं तिनंच घरून लिहून आणली होती, उच्चार खाली रोमन लिपीत. काल, लायब्ररीत, वाचलं. इंग्रजीत ‘काल’ची पट्टी शेवटी जाते, चिनीत ती वाक्याच्या तोंडाशी येते, आणि आधी ‘लायब्ररीत’, मग ‘वाचलं’. मुलं फळ्यापाशी येऊन पट्ट्या हलवत होती, ती बाजूला उभी राहून मान हलवून हो की नाही ते सांगत होती. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, एकवचन-अनेकवचन नाही, हे कळल्यावर पुढच्या बाकावरचा एक मुलगा बोट वर न करताच ओरडला, “म्हणजे चिनीला ग्रामरच नाही! फुकटची भाषा!”

वर्ग हसला. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं, आता ही परत मागच्या बाकावर जाऊन बसणार.

“आहे ग्रामर,” ती म्हणाली. इंग्रजीत, थांबत थांबत, पण मोठ्यानं. “इंग्रजीत शब्द कपडे बदलतो. चिनीत शब्दाला त्याची खुर्ची असते. खुर्ची बदलली की सगळं बदलतं.” मग तिनं ‘मी तुला मारते’ असं वाक्य फळ्यावर लावलं आणि त्या मुलाला म्हणाली, “आता मी आणि तू यांची अदलाबदल कर.” त्यानं पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या. शब्द तेच, एक अक्षर बदललं नाही. “आता तू मला मारलंस,” ती म्हणाली. “पण आधी मी मारलं होतं.”

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्या बाजूनं. तो मुलगाही हसला. ती हसली नाही, पट्ट्या नीट सरळ करत राहिली. पण त्यानंतर माझ्या तासाला तिचं बोट वर यायला लागलं. पूर्ण नाही, कानापर्यंत. माझं लक्ष असेल तरच दिसेल इतकं. माझं लक्ष असायचंच. मी तिला तोंडीला दोन दिले, म्हणजे उत्तमच्या एक पायरी खाली, आणि ते दयेपोटी दिले नव्हते.

जूनमध्ये शिक्षकांची बैठक झाली. वर्गशिक्षिका जर्मन आणि इतिहास शिकवायच्या. उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या, नेमस्त बाई. मुलांसाठी सुट्टीच्या दिवशीही शाळेत येणाऱ्या. त्या वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

“ती वर्गात ट्रामची वाट बघत असल्यासारखी बसते,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “तिला येतं सगळं. विचारून बघा.”

“आल्झो, हे बघा, येणं पुरेसं नाही. दाखवावं लागतं. आणि तुम्ही तोंडीला दिलेले ते दोन... ती तिच्याच भाषेवर बोलली. बाकीच्या मुलांना ती संधी कुठे मिळाली?”

माझा तिळपापड झाला. “बाकीच्यांना ती रोज मिळते,” मी म्हणाले, “तुमच्या जर्मनच्या तासाला.” कुणीतरी कॉफीत चमचा फिरवत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जर्मन आणि इतिहासात ती मुलगी नापास होती. आता दोन वाटा होत्या. एक तर सातवी इथेच पुन्हा करायची, नाहीतर गिम्नाझिउम सोडून रेआलशूलला जायचं. शाळेचा सल्ला दुसऱ्या वाटेचा होता. निर्णय मात्र पालकांचा, हे वर्गशिक्षिकेनं दोनदा सांगितलं, कारण इथे सगळं नियमानं चालतं.

मुलीला हे कुठून कळलं कोण जाणे. तास संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “टीचर, मी सातवी परत करीन. मला चालेल,” ती म्हणाली. “मला इथेच राहायचंय. आता कुठे मी बोलायला लागलेय.”

मी म्हटलं, “बाबांना सांगितलंस?”

“सांगितलं. त्यांनाही तेच हवंय.”

मला हायसं वाटलं. बापाला हवं, मुलीला हवं, नियमात बसतं. आता अडचण ती कसली!

पालकभेटीला मला दुभाषी म्हणून बोलावलं. वडिलांना जर्मन येत नव्हतं, प्रयोगशाळेत सगळं इंग्रजीत चालायचं. जूनच्या उकाड्यात ते कोट घालून आले होते. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मुलगी शेजारी. वर्गशिक्षिकेनं सगळ्यांना पाणी दिलं, हसून विचारपूस केली, आणि मग दोन्ही वाटा स्वच्छ समजावून सांगितल्या. मी वाक्यावाक्यानं इंग्रजी केलं. शेवटी त्यांनी विचारलं, “तुमची काय इच्छा आहे?”

वडील किंचित पुढे वाकले. “तुम्ही शिक्षक आहात,” ते म्हणाले. “तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही म्हणाल तसं.”

मी ते वाक्य याआधी ऐकलं होतं, शब्दाला शब्द, मराठीत. मी आठवीत गणितात गटांगळ्या खात होते तेव्हा माझे वडील शाळेत आले होते. पोस्टातली नोकरी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. सरांनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, “सर, पोरगी आता तुमच्या हवाली. तुम्ही म्हणाल तसं.” सर काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवसापासून मला त्यांच्या घरी, त्यांच्या मुलीशेजारी बसवून गणित शिकवायला लागले, आणि मी सुटले. आमच्याकडे हे वाक्य होकार नसतो. ते मूल शिक्षकाच्या ओटीत घालणं असतं. एकदा ओटीत घातलं की त्याचं वाईट होऊ न देणं हे शिक्षकावर येतं. त्या कोटातल्या माणसानं तेच केलं होतं. त्याच्याकडे होतं ते सगळ्यात मोठं आर्जव त्यानं टेबलावर ठेवलं होतं.

मी जर्मन केलं. आणि पुढे म्हटलं, “हे संमती म्हणून नाही म्हणत आहेत ते. ही विनंती आहे. मुलीला इथेच ठेवा असं—”

“बिट्टे, प्लीज,” वर्गशिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही फक्त भाषांतर करा.” मग त्या स्वतःच वडिलांकडे वळल्या आणि मोडक्या पण स्पष्ट इंग्रजीत म्हणाल्या, “म्हणजे रेआलशूल. हो?”

वडील हसले. मान लववली. “येस. थँक यू. थँक यू, टीचर.”

मुलीनं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे हात मांडीवर होते. मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नसतं हे तिला शिकवलं होतं, जसं मलाही शिकवलं होतं. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, कर बोट वर, बाई गं, आत्ता कर. बोट हललं नाही. वर्गशिक्षिकेनं समाधानानं कागद पुढे केला.

मी तशीच पायऱ्या उतरून ट्रामच्या थांब्यावर त्यांना गाठलं. मुलगी थोडी पुढे उभी होती. मी वडिलांना म्हटलं, “तिला इथेच राहायचंय.”

“हो, माहीत आहे मला,” ते म्हणाले. “मलाही तेच हवंय.”

“मग तुम्ही हो का म्हणालात?”

त्यांना प्रश्नच कळला नसावा. “मी त्यांच्यावर सोपवलं,” ते म्हणाले. “चांगल्या बाई आहेत. पाणी दिलं. त्या विचार करतील.”

“त्या विचार करणार नाहीत! त्यांना फक्त हो ऐकू आलं. उद्या फोन करा आणि नाही म्हणून सांगा. मी बसते शेजारी.”

ते रुळांकडे बघत म्हणाले, “आता नाही म्हटलं तर त्या खोट्या पडतील. सगळ्यांसमोर. मग त्या माझ्या मुलीकडे कोणत्या नजरेनं बघतील?”

मी त्यांना सांगितलं की इथे असं नसतं. इथे लोक तोंडावर नाही म्हणतात आणि दहा मिनिटांनी एकत्र कॉफी पितात. कुणी मनात ठेवत नाही. हे मी त्यांना कळकळीनं सांगितलं, आणि ते खरंही होतं. ते ऐकत होते, मान डोलवत होते. ट्राम आली तेव्हा त्यांनी माझ्यापुढेही मान लववली.

“येस,” ते म्हणाले. “थँक यू, टीचर.”

ट्राम गेली. ते फोन करणार नाहीत हे मला तिथेच कळलं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, या बाबतीत तुम्ही त्सुश्टेंडिग नाही. म्हणजे हे तुमच्या अखत्यारीत नाही. हा शब्द या देशात दारासारखा आहे, एकदा लावून घेतला की पलीकडचं काही ऐकू येत नाही. घरी नवरा म्हणाला, “तू कशाला त्यात पडतेस? तिच्या बापानंच हो म्हटलंय.” माझ्या मुलीला मी जेवताना सगळं सांगितलं, मराठीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. “मग ती स्वतः का नाही बोलली?” तिनं विचारलं. “तिची शाळा होती ना? मी असते तर बोलले असते.”

ती बोललीच असती. तिचं बोट बारशापासूनच वर आहे म्हणा ना. मी तिला समजावायला लागले, की मोठ्यांमधे बोलायचं नसतं, की हो म्हणण्यात कधी कधी नाही असतं, आणि ते समोरच्यानं ओळखायचं असतं. माझ्याच कानाला ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. माझी मुलगी शांतपणे माझ्याकडे बघत होती, जसं म्हाताऱ्या माणसांकडे बघतात. मला त्या चिनी मुलीचं वाईट वाटत होतं, आणि त्या घटकेला थोडं स्वतःचंही.

शेवटच्या दिवशी निकाल वाटून झाले. मुलं आरडाओरडा करत पांगली. मी माझ्या खुर्चीवरचं सामान पिशवीत भरून वर्गशिक्षिकेचा निरोप घ्यायला गेले, तर दारात ते वडील उभे होते. तोच कोट. दोन्ही हातात लाल रंगाचा चहाचा मोठा डबा, सोनेरी नक्षीचा. मागे मुलगी, दप्तर पाठीला. त्यांनी डबा दोन्ही हातांनी वर्गशिक्षिकेपुढे धरला आणि चिनीत बरंच काही बोलले. मुलीनं जर्मन केलं, “बाबा म्हणतात, तुम्ही माझ्यासाठी खूप कष्ट घेतले. हा त्यांच्या गावचा चहा आहे. सगळ्या शिक्षकांसाठी.”

वर्गशिक्षिका कावऱ्याबावऱ्या झाल्या. “किती छान,” त्या जर्मनमध्येच म्हणाल्या, “पण आम्हाला घेता येत नाही. नियमच आहे तसा. आम्ही भेटवस्तू घेऊ शकत नाही. प्लीज, सांग त्यांना. घरी घेऊन जा आणि तुम्हीच प्या.” त्यांनी डबा हळूच मागे सारला. डबा तसाच हवेत राहिला. वडिलांचं हसू जागेवर होतं, पण डोळे मुलीकडे वळले होते.

मुलगी वडिलांशी बोलली. दोनच वाक्यं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी डबा तिच्या हातात दिला, वर्गशिक्षिकेपुढे वाकले, माझ्यापुढे वाकले, आणि जिना उतरून गेले. वर्गशिक्षिकेनं सुटकेचा श्वास टाकला. “बघा,” त्या मला म्हणाल्या, “किती समाधानी आहेत. गेनाऊ, अगदी योग्य तेच झालं.” आणि दुसऱ्या पालकांना भेटायला गेल्या.

मुलगी तिथेच थांबली होती. तिनं दप्तर खाली ठेवलं, खेळाचे कपडे बाजूला केले, डबा तळाशी ठेवला आणि वरून कपडे दाबून बसवले. चेन नीट लागली का ते बघितलं. मी काही विचारलं नव्हतं.

“मी त्यांना सांगितलं,” ती आपणहून म्हणाली, “की तुम्हा सगळ्यांना हा चहा फार आवडतो. आणि डबा मी स्टाफरूममध्ये नेऊन ठेवते.”

इंग्रजी वाक्य. कुठेही चूक नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तशी ती दप्तर उचलून गेली.

खिडकीतून मैदान दिसत होतं. ती धावत जाऊन वडिलांना मिळाली. फाटकाशी ते थांबले, वळले, मी खिडकीत दिसल्यावर पुन्हा एकदा कमरेतून वाकले. ती शेजारी उभी राहून वर माझ्याकडे बघत होती. मी हात जोडले आणि हसले, चहा फार आवडल्यासारखी.